रोमन रस्ता शोधायला गेलो, सापडली पाइपलाइन

इंग्लंडमध्ये रेडिंगला राहायला आल्यावर एका रविवारी सिल्चेस्टर पाहिलं. रोमनांचं कॅलेवा नावाचं शहर ते हेच. तटबंदी अजून उभी आहे, आत नुसतं गवत. इथून नैऋत्येला सॉल्सबरीजवळच्या ओल्ड सॅरमकडे पोर्टवे नावाचा रोमन रस्ता जायचा, 50 किलोमीटरहून लांब. काही ठिकाणी आजची वाट त्याच्यावरूनच जाते, मध्येच तो शेतांत गडप होतो. हे गडप झालेले तुकडे घरबसल्या हुडकायचे असं मी ठरवलं.

गूगल अर्थमध्ये आधी 2018 आणि 2022 च्या कोरड्या उन्हाळ्यांची चित्रं उघडली. रस्त्याच्या वाटेवरच्या अँडोव्हर गावाजवळच्या शेतात सरळसोट गडद हिरवी रेघ! बाबांना लगेच फोटो पाठवला.

"खाली खणलेलं असणार. आपल्या बुजवलेल्या आडावर ज्वारी अशीच तरारायची."

बरोबरच होतं. बुजलेल्या चरात माती खोल असते, ओल टिकते, पीक हिरवं राहतं. पण रस्ता म्हणजे दगड आणि खडी. त्यावरचं पीक उलट आधी पिवळं पडायला हवं, आणि त्या पिवळ्या पट्ट्याच्या दोन्ही अंगांना चरांच्या हिरव्या रेघा. माझ्याकडे एकच रेघ, तीही हिरवी. मन काही मानेना. हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या संग्रहातले ब्रिटिश हवाई दलाचे 1940 च्या दशकातले फोटो पाहिले. त्यांत रेघ नाही. फोटो हिवाळ्यातले असतील, अशी पळवाट मी काढलीच. शेवटी गाडी काढून गेलो, तर कुंपणाशी गॅस पाइपलाइनच्या खुणेचा खांब. येताना बायको गाडीत काही बोलली नाही, एवढंच.

(याच अँडोव्हरहून 1924 मध्ये क्रॉफर्ड आणि कीलर या पुरातत्त्वज्ञांनी विमानातून असल्या खुणांचे फोटो घेतले होते. त्यांनाही असे खांब भेटले असते तर बरं वाटलं असतं.)

मग लायडारकडे वळलो. विमानातून लेझर मारून जमिनीची उंची मोजतात, वरची झाडं संगणकावर काढून टाकता येतात. एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी संस्थेचा एक मीटरचा डेटा फुकट मिळतो. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यावर एका बाजूने खोटा उजेड पाडायचा, म्हणजे उंचवट्यांच्या सावल्या दिसतात. मी तो आधी नैऋत्येकडून पाडला, म्हणजे नेमका रस्त्याच्याच दिशेने, त्यामुळे सगळं सपाट. वायव्येकडून पाडल्यावर एका शेतात बुटका, रुंद बांध उठून आला. पुन्हा 2018 चं चित्र उघडलं: तिथेच फिकट पट्टा, आणि एका अंगाला तरी हिरवी रेघ.

नकाशा, चित्रं, मोजमापं असं सगळं जोडून जिल्ह्याच्या पुरातत्त्व नोंदीकडे पाठवलं. उत्तर आलं, छान सविस्तर: हा तुकडा आमच्याकडे आधीपासून नोंदलेला आहे. चराची रेघ मात्र त्यांनी जोडून घेतली.