पीएसए उतरला, पण कशामुळे? पीसी-स्पेसची गोष्ट आणि आजच्या डब्या

प्रोस्टेट कॅन्सरवरच्या ‘हर्बल’ कॅप्सूलचा विषय निघाला की दोन बाजू लगेच तयार होतात. एक म्हणते, सगळं थोतांड. दुसरी रिपोर्ट पुढे करते: पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात येणारं प्रथिन, ज्याच्या आकड्यावरून या कॅन्सरवर नजर ठेवतात) 18 होता, तीन महिन्यांत 2 झाला, आता बोला. या वादाचं सगळ्यात बोलकं प्रकरण अमेरिकेत घडलं. त्यात पीएसए खरोखरच उतरला होता, आणि घोळ नेमका तिथेच होता.

औषधाचं नाव पीसी-स्पेस. ‘पीसी’ म्हणजे प्रोस्टेट कॅन्सर आणि ‘स्पेस’ हा आशेसाठीचा लॅटिन शब्द. कॅलिफोर्नियातल्या बोटॅनिकलॅब नावाच्या कंपनीने 1996 पासून ते आहारपूरक म्हणून विकलं. अमेरिकेत 1994 च्या कायद्यामुळे अशा मालाला बाजारात येण्याआधी परिणाम सिद्ध करून दाखवावा लागत नाही. घटक आठ: शेवंती, चिनी ज्येष्ठमध, जिनसेंगच्या जातीचं मूळ, गॅनोडर्मा अळिंबी, आयसॅटिस, राब्डोसिया, स्क्युटेलारिया आणि सॉ पामेटो. सॉ पामेटो हे अमेरिकन खुज्या ताडाचं फळ. बाकी सगळं चिनी वैद्यकातलं. कॅप्सूल 320 मिलिग्रॅमची, आणि अभ्यासांमध्ये दिवसाला नऊपर्यंत दिल्या जात. म्हणजे रोज जवळपास 2.9 ग्रॅम पावडर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

1998 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आठ रुग्णांचा अभ्यास आला. आठही जणांचा पीएसए उतरला. ज्या सहा जणांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, मोजलं, त्या सहाही जणांचं खाली गेलं. आठही जणांना छाती हुळहुळणं आणि कामेच्छा जाणं हा त्रास झाला, आणि एकाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली. ही लक्षणं यूरॉलॉजिस्टना तोंडपाठ होती, कारण इस्ट्रोजेनच्या, म्हणजे स्त्री-हार्मोनच्या, गोळ्यांनी नेमकं हेच होतं. चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये दाखवलं होतं की पुरुषी हार्मोन तोडलं की प्रोस्टेट कॅन्सर मागे हटतो. त्यासाठी त्यांना 1966 मध्ये नोबेल मिळालं. त्यानंतर कित्येक वर्षं डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल, म्हणजे डीईएस, हे कृत्रिम इस्ट्रोजेन त्याच कामासाठी दिलं गेलं. 5 मिलिग्रॅमच्या डोसला हृदयविकाराने आणि गुठळ्यांनी मृत्यू वाढलेले दिसले, तेव्हा ते मागे पडलं.

त्यामुळे ‘कॅप्सूलमध्ये डीईएस तर नाही ना?’ ही शंका पहिल्या दिवसापासून होती. 1998 चा अभ्यास करणाऱ्या चमूने तपासणीही केली, आणि अहवालात लिहिलं की यातली इस्ट्रोजेनसारखी द्रव्यं डीईएसपेक्षा वेगळी आहेत. शंका तिथेच निवली. 2000 साली 70 रुग्णांचा मोठा अभ्यास आला. ज्यांचा कॅन्सर हार्मोन उपचारांना अजून दाद देत होता, त्या गटात सगळ्यांचा पीएसए 80 टक्के किंवा त्याहून जास्त उतरला. ज्यांचा कॅन्सर हार्मोनला जुमानेनासा झाला होता, त्यांच्यातल्याही निम्म्याहून थोड्या जास्त जणांचा तो अर्ध्याने उतरला. असे आकडे पाहून कुणीही हुरळेल. सरकारी पैशावर पुढचे अभ्यास सुरू झाले.

फेब्रुवारी 2002 मध्ये कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्याला कॅप्सूलमध्ये वॉरफरिन सापडलं. वॉरफरिन म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी, जिच्यासाठी दर काही दिवसांनी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) तपासावा लागतो. त्याच कंपनीच्या ‘स्पेस’ या दुसऱ्या उत्पादनात अल्प्राझोलम, म्हणजे झोपेसाठी-चिंतेसाठीचं औषध, निघालं. माल परत मागवला गेला आणि काही महिन्यांत कंपनीच बंद पडली. मग दुसऱ्या एका चमूने 1996 ते 2001 दरम्यानचे लॉट शोधून तपासले. 1999 च्या मध्यापर्यंतच्या मालात दर ग्रॅममागे 107 ते 159 मायक्रोग्रॅम डीईएस आणि 1 ते 13 मिलिग्रॅम इंडोमेथासिन हे वेदनाशामक निघालं. नंतर ही दोन्ही घटली, आणि जुलै 1998 नंतरच्या लॉटमध्ये ग्रॅममागे 341 ते 560 मायक्रोग्रॅम वॉरफरिन निघालं.

आता तो 2.9 ग्रॅमचा आकडा काढा. रोज नऊ कॅप्सूल घेणाऱ्याच्या पोटात साधारण पाव ते अर्धा मिलिग्रॅम डीईएस जात होतं. पुढच्या काळातल्या लॉटमधून एक ते दीड मिलिग्रॅम वॉरफरिन, तेही आयएनआर न तपासता. इंडोमेथासिनचा वरचा आकडा धरला तर दिवसाला 38 मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे इंडोमेथासिनच्या 25 मिलिग्रॅमच्या जवळपास दीड कॅप्सूल. ते पोटाच्या अस्तराला आणि मूत्रपिंडाला झोंबणारं औषध आहे. यात कुणी उतारवयातला, आधीच ॲस्पिरिन घेणारा असेल तर रक्तस्रावाची भीती कुणाला समजावून सांगायला नको. 2001 मध्येच पीसी-स्पेस घेणाऱ्या एका रुग्णाच्या रक्तस्रावाची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली होती. वॉरफरिन गुठळ्या रोखायला मुद्दाम घातलं असावं, असा संशय अनेकांनी घेतला.

इथवर गोष्ट सोपी आहे: भेसळ होती, पकडली गेली. पण पुढचा भाग फारसं कुणी सांगत नाही. पीसी-स्पेस आणि 3 मिलिग्रॅम डीईएस यांची समोरासमोर तुलना करणारा एक अभ्यास भेसळ उघड झाल्यामुळे अर्ध्यात थांबवावा लागला. 2004 मध्ये त्याचे निकाल आले: पीसी-स्पेसवर 40 टक्के रुग्णांचा पीएसए अर्ध्याहून जास्त उतरला, डीईएसवर 24 टक्के. त्या अभ्यासातल्या लॉटमधलं डीईएस तर दुसऱ्या गटाच्या डोसच्या फार तर 3.1 टक्के होतं. मग उरलेला परिणाम कशाचा? वनस्पतींचा? पहिल्या काही लॉटमध्ये सापडलेल्या इथिनिल इस्ट्रॅडिऑल या दुसऱ्या कृत्रिम इस्ट्रोजेनचा? दर लॉटगणिक मिश्रण बदलत होतं, त्यामुळे हे आता कुणालाच सांगता येणार नाही. भेसळ करणाऱ्यांनी रुग्णांचं नुकसान केलंच. त्या आठ वनस्पतींमध्ये काही दम होता का, हे कळायची वाटही बुजवली. हर्बल औषधांवर मनापासून विश्वास असणाऱ्यांनी खरं तर यावर सगळ्यात जास्त चिडायला हवं.

सॉ पामेटोबद्दल मात्र आता बऱ्यापैकी माहिती आहे. वाढलेल्या प्रोस्टेटमुळे होणाऱ्या लघवीच्या त्रासासाठी 2006 मध्ये 225 पुरुषांना 160 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, वर्षभर दिलं, फरक शून्य. 2011 मध्ये 960 मिलिग्रॅमपर्यंत डोस वाढवला, तरी तेच. ‘नैसर्गिक’ म्हणजे निदान निरुपद्रवी, ही समजूतही टिकत नाही. सिलेक्ट नावाच्या अभ्यासात 35 हजारांहून जास्त पुरुष होते. प्रोस्टेट कॅन्सर टळेल म्हणून त्यातल्या काहींना रोज 400 युनिट व्हिटॅमिन ई दिलं, तर त्यांच्यात तो कॅन्सर 17 टक्क्यांनी जास्त आढळला.

आपल्याकडे या नावांच्या जागी अश्वगंधा, गुग्गुळ, गोखरू, शिलाजित, हळदीचा अर्क येतात. अश्वगंधेने टेस्टोस्टेरॉन थोडं वाढल्याचे काही छोटे अभ्यास आहेत. ज्या माणसाचं टेस्टोस्टेरॉन पाडण्यासाठी दर तीन महिन्यांनी महागडं इंजेक्शन दिलं जातंय, त्याने रात्री दुधातून तेच वाढवणारी पुडी घ्यायची, याला काय म्हणायचं? ज्येष्ठमधाचं प्रकरण आणखी नेमकं आहे. ते जास्त आणि रोज घेतलं की रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. प्रोस्टेट कॅन्सरवरच्या अबिरॅटेरोन या गोळीनेही हेच दोन्ही होतं, म्हणून तिच्यासोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात. दोन्ही एकत्र आले की पाय गळून जाणं, हृदयाचे ठोके चुकणं इथपर्यंत मजल जाऊ शकते. खोकल्याला एखादी कांडी चघळली तर काही बिघडत नाही. प्रश्न रोजच्या काढ्याचा आणि अर्काचा आहे. गुग्गुळामुळे प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम यांचं रक्तातलं प्रमाण घटतं, हेही दिसलेलं आहे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी हे डॉक्टरांच्या कानावर घालावं.

घरात कुणी अशी डबी घेत असेल तर भांडून उपयोग नाही, ते लपवून घेतात. पीएसए झपाट्याने उतरला असेल तर त्याच नमुन्यातून टेस्टोस्टेरॉन मोजून घ्या. इंजेक्शन चालू नाही, अंडकोष काढलेले नाहीत, तरी ते 50 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल, तर डबीत हार्मोनसारखं काहीतरी काम करतंय असं धरून चाला. सोबत आयएनआर, पोटॅशियम आणि यकृताच्या तपासण्या कराव्यात. स्तनाग्रं हुळहुळणं, एकाच पायाला सूज, विनाकारण काळेनिळे डाग ही लक्षणं तर ताबडतोब दाखवायची. डबी फेकू नका. बॅच नंबर आणि उरलेल्या कॅप्सूल लागतात. बायोप्सी किंवा शस्त्रक्रियेची तारीख ठरली की या सगळ्याची यादी आधीच द्यावी, कारण बऱ्याच ठिकाणी अशा गोष्टी दोन आठवडे आधी बंद करायला सांगतात.

आणि पीएसए उतरायला औषधच लागतं असंही नाही. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग बरा झाला, मागच्या वेळी वीर्यपतनाच्या दुसऱ्याच दिवशी रक्त दिलं होतं, अशा कारणांनीही दोन रिपोर्टमध्ये मोठा फरक पडतो. केस गळतात म्हणून किंवा लघवीसाठी फिनास्टेराइड घेणाऱ्याचा पीएसए सहा महिने ते वर्षभरात साधारण निम्मा होतो. असा आकडा वाचताना डॉक्टर तो दुप्पट करून वाचतात. पावडर त्याच सुमारास सुरू केलेली असली की श्रेय तिलाच जातं.

जाहिरातीचं म्हणाल तर आपला 1954 चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा यात अगदी स्पष्ट आहे. ज्या आजारांवर उपचाराचा दावा करून जाहिरात करता येत नाही, त्या यादीत कॅन्सर आहे आणि प्रोस्टेट ग्रंथीचे विकार वेगळे नोंदलेले आहेत. आहारपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या डबीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य छापणं बंधनकारक आहे. ते बहुतेक वेळा मागच्या बाजूला, बारकोडच्या आसपास, मुंगीच्या अक्षरांत असतं. चष्मा लावून शोधा.