दशावताराची रेकॉर्डिंग, तुटणारं नेट आणि एलएफटीपी

आमच्या कुडाळच्या बाजूला नेट आहे, पण ते सलग मिळेल याची खात्री नसते. लाईट गेली की राउटर बंद पडतो, लॅपटॉप मात्र बॅटरीवर चालू राहतो. अशा घरातून काही जीबीच्या फायली दूरच्या सर्व्हरवर चढवायच्या असतील, तर ब्राउझरमधल्या अपलोडच्या बटणाचा उपयोग नाही. जोडणी तुटली की तिथे बहुतेक वेळा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून हे सगळं काम मी टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, एलएफटीपी नावाच्या फायली पाठवणाऱ्या प्रोग्रामने करते. तो मला इतका का आवडतो ते आज सविस्तर लिहिते.

आधी फायलींबद्दल. दशावतारी मंडळांच्या परवानगीने मी त्यांची नाटकं ध्वनिमुद्रित करते. गणपती, मग संकासुर, मग आख्यान, असं करत पहाट होते. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, स्टिरिओ डब्ल्यूएव्ही म्हणजे मिनिटाला 17 एमबीहून जास्त, तासाला 1 जीबीच्या थोडं वर. सहा तासांचं नाटक सव्वासहा जीबीच्या आसपास जातं. अपलोडला 1 एमबीपीएस वेग मिळाला, तर एका नाटकाला जवळजवळ 14 तास लागतात. एमपी3 करून पाठव, असं बरेच जण सुचवतात. ऐकण्यासाठी ते ठीकच आहे. पण जपून ठेवायची प्रत तशी करायला माझं मन तयार होत नाही, कारण कमी बिटरेटला सगळ्यात आधी झांजेचा आवाज विस्कटतो.

आणि 14 तासांत नेट एकदाही तुटणार नाही, असं आमच्याकडे होत नाही.

एलएफटीपी 1996 मध्ये अलेक्झांडर लुक्यानोव्ह यांनी लिहायला घेतला. जोडणी तुटणार हे त्यात मुळातच धरलेलं आहे. तुटली की तो थोडा थांबतो, पुन्हा जोडतो आणि काम पुढे नेतो. त्याच्या ‘मिरर’ आज्ञेला ‘रिव्हर्स’ हा पर्याय दिला की माझ्या लॅपटॉपवरचं फोल्डर सर्व्हरवर जसंच्या तसं उभं राहतं. सोबत ‘कंटिन्यू’ दिला, तर अर्धी गेलेली फाईल अर्ध्यापासूनच पुढे जाते. काम चालू असताना ‘एक्झिट’ म्हटलं, तरी तो पार्श्वभूमीत स्वतःचं काम संपेपर्यंत चालत राहतो. ‘नेट-लिमिट-रेट’ ही सेटिंग लावून वेगाला मर्यादा घालता येते, म्हणजे घरातल्या कुणाचा ऑनलाइन वर्ग चालू असला तरी त्याला अडथळा होत नाही.

एक लक्षात ठेवा. ‘कंटिन्यू’ फाईल किती मोठी आहे एवढंच पाहतो, आत काय आहे ते पाहत नाही. म्हणून सर्व्हरवर शेल, म्हणजे तिथे थेट आज्ञा देण्याची सोय, मिळत असेल तर दोन्हीकडे शा-256 बेरीज (फाईलच्या आतल्या मजकुरावरून काढलेली तिची ओळखखूण, म्हणजे चेकसम) काढून जुळवावी. पुढच्या पिढीसाठी ठेवायच्या प्रतीच्या बाबतीत ही पायरी मी कधीच गाळत नाही.

पण या प्रोग्रामशी माझी खरी मैत्री जमली ती ‘ड्राय-रन’मुळे. हा पर्याय दिला की एकही फाईल हलत नाही. कोणती चढवणार, कोणतं फोल्डर बनवणार, कोणती पुसणार ते फक्त ओळीओळीने समोर येतं. ‘डिलीट’ पर्याय वापरायचा असेल, म्हणजे इथे नसलेली फाईल तिथूनही काढायची असेल, तेव्हा ती यादी वाचल्याशिवाय एन्टर दाबू नये, असं माझं ठाम मत आहे. माऊसने फायली ओढून टाकताना इतकं स्पष्ट उत्तर आधी कुणी देत नाही.

याच यादीत मराठी नावांची एक गंमतशीर गोष्ट दिसते. माझ्या फायलींची नावं देवनागरीत असतात आणि ती तशीच राहावीत असं मला वाटतं. यूटीएफ-8 या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात आणि लिनक्सवर एका नावाला 255 बाइटची मर्यादा असते. म्हणजे काना-मात्रा, वेलांट्या, हलन्त सगळं धरून 85 चिन्हं. आख्यान, मंडळ, गाव, तारीख सगळं एका नावात घालायला गेलं की ती भरतात.

त्याहून अवघड ‘ऱ्या’. ‘दुसऱ्या’ या शब्दात ‘ऱ’ हे एकच चिन्ह असू शकतं, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता (टिंब) अशी दोन चिन्हं. जुन्या मॅकची एचएफएस-प्लस फाईलव्यवस्था नाव असंच सुटं करून ठेवायची. काही कीबोर्ड तर ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक अशी तिसरीच रचना टाकतात. पडद्यावर तिन्ही सारखी दिसू शकतात, पण बाइट वेगळे. मिररच्या दृष्टीने त्या तीन वेगळ्या फायली, आणि 1 जीबीची फाईल पुन्हा चढायला लागते. पहिल्या दोन रचना ‘कॉन्व्ह-एमव्ही’ हा छोटा प्रोग्राम एक करून देतो, आणि तोही आपणहून आधी काय बदलणार तेवढंच दाखवतो. तिसरी मात्र हाताने बदलावी लागते. हे मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाने आधीच माहीत करून घ्यावं.

आता सर्व्हरच्या दाराविषयी. एफटीपी, म्हणजे संगणकांनी एकमेकांना फायली पाठवण्याचा नियमसंच (प्रोटोकॉल). त्याचा पहिला आराखडा एप्रिल 1971 मध्ये अभय भूषण यांनी मांडला. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून शिकून ते एमआयटीत गेले होते. इतक्या जुन्या पायावर आपण अजून उभे आहोत याचा मला अभिमान वाटतो. पण मूळ एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो, आणि क्रोम व फायरफॉक्स यांनीही 2021 मध्ये त्याचा आधार काढून टाकला. एसएफटीपी नावाने जवळचा वाटला तरी तो एसएसएच या सांकेतिक, सुरक्षित जोडणीच्या आत चालणारा वेगळाच प्रोटोकॉल आहे. एलएफटीपीला दोन्ही येतात, आज्ञा त्याच राहतात. तेव्हा होस्टिंग घेताना जागा किती ते विचाराल, त्याआधी एसएफटीपी आणि पासवर्डऐवजी की-ने (किल्लीसारख्या फाईलने) लॉगिन मिळतं का ते विचारा. शेल मिळत असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, बेरीज जुळवायला तोच लागतो.