खदान, गाव आणि अटींचे कागद : माझा अनुभव

नाशिक तालुक्यातील आमच्या शिवारात काळ्या दगडाची खदान असून तिला लागूनच खडीचा क्रशर आहे. सुरुंगाच्या हादऱ्यांनी वस्तीवरील घरांना तडे गेले आणि क्रशरची धूळ द्राक्षाच्या घडांवर बसू लागली, तेव्हा गावाने ‘खदान बंद करा’ अशी मागणी केली. ग्रामसभेत तिच्यावर एकमत होणे शक्य नव्हते, कारण गावकडेच्या वडार कुटुंबांचे पोट याच खदानीवर चालते आणि गावातील काहींचे डंपरही तिथेच लागलेले आहेत. तक्रारीचा मसुदा माझ्याकडे आला, तेव्हा बंदीची भाषा बाजूला ठेवून खदान कोणत्या अटींवर चालते, ते कागद मिळवण्यापासून मी सुरुवात केली.

कोणीतरी नियमगिरीचा दाखला दिला. ओडिशात २०१३ मध्ये बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला, हे खरेच. परंतु दगड-वाळूसारख्या गौण खनिजाच्या खाणपट्ट्यासाठी ग्रामसभेची किंवा पंचायतीची पूर्वशिफारस बंधनकारक करणारा पेसा कायदा अनुसूचित, म्हणजे आदिवासी म्हणून जाहीर झालेल्या क्षेत्रापुरता आहे. तो आमच्याच जिल्ह्यातील पेठ-सुरगाण्याला लागू होतो, आमच्या गावाला नाही.

माहिती अधिकाराच्या अर्जात ‘खदान कायदेशीर आहे का’ असे विचारून काही मिळत नाही, कागदाचे नाव घेऊन तो मागावा लागतो. खाणपट्ट्याचा करार, मोजणीचा नकाशा, पर्यावरण मंजुरीचे पत्र आणि अटींच्या पालनाचे सहामाही अहवाल मी मागितले. पाच हेक्टरांहून लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी घ्यावी लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितले होते आणि मंजुरीधारकाने दरवर्षी १ जून व १ डिसेंबरला अहवाल देणे अपेक्षित असते. हाती आलेल्या अहवालात पाण्याची फवारणी ‘नियमित’ असल्याचे लिहिले होते; ते वाचून ग्रामसभेत हशा पिकला, पण त्या एका शब्दामुळे तक्रारीला धरायला जागा मिळाली.

तड्यांचे प्रकरण अधिक किचकट होते, कारण मालकाच्या मते दोष बांधकामाचाच होता. खाण सुरक्षा महासंचालनालयाने १९९७ मध्ये घालून दिलेल्या मर्यादेनुसार, खाणमालकाची नसलेल्या साध्या घरांपाशी जमिनीच्या कंपनाचा कमाल वेग, कंपनाच्या वारंवारतेनुसार, सेकंदाला ५, १० किंवा १५ मिलिमीटरपेक्षा जास्त असू नये. म्हणून नुकसानभरपाईचा आकडा मागण्याआधी, सुरुंगाच्या वेळी सर्वांत जवळच्या घरापाशी कंपनमापक ठेवावा, असे आम्ही लिहून दिले. दरम्यान प्रत्येक तड्यावर काचेची पट्टी सिमेंटने चिकटवून तारीख घातली. तडा वाढला की पट्टी तुटते.

माझ्या मते या सगळ्यातील निर्णायक काम मात्र मजुरांच्या वस्तीवर झाले. क्रशरवरच्या बाया ग्रामपंचायतीच्या सभेत तोंड उघडत नव्हत्या. मुकादम नसताना त्यांच्या अंगणात बसल्यावर पिण्याचे पाणी, धूळ आणि कधीच न झालेली आरोग्य तपासणी हे विषय निघाले. खाण कामगाराची तपासणी ठरावीक काळाने व्हावी, असा नियम आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०११ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये तक्रार यंत्रणेपर्यंत पोहोचताना लोकांना सूडाची भीती वाटू नये, असे अपेक्षित आहे. आमच्याकडे खदानीच्या फाटकावर ठेवलेल्या तक्रारवहीत लिहायला मजूर तयार होईल, हे कोणालाही पटणारे नव्हते. त्यांच्या मागण्या ठरावात आल्या, तेव्हाच वडार वस्तीचे हात वर झाले.

संयुक्त पाहणीनंतर सुरुंगाची वेळ ठरली, ती फाट्यावरील फलकावर लिहिली जाऊ लागली, फवारणी सुरू झाली आणि तपासणीसाठी मजुरांची यादी तयार झाली. कंपनमापकाचे आकडे मर्यादेच्या आत आले, पण त्या दिवशी बारूद कमी भरली होती, असे मजुरांनीच सांगितले. त्यामुळे मोजणी पूर्वसूचना न देता करावी, असा दुसरा अर्ज दिला आहे. जुन्या तड्यांच्या भरपाईचा निर्णय त्यावर अडलेला आहे.