भाटियालीचा रियाज: चौदावा महिना

भाटियाली हा पूर्व बंगालच्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या, नावाड्यांचा गानप्रकार मी शिकतो आहे. या महिन्यातला मोठा बदल म्हणजे मी मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारा यंत्रसोबती, बंद केला.

वर्षभर मी भाटियाली केरवा तालात बसवत होतो. सूर जागेवर, शब्द पाठ, तरी मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं ऐकलं की नाव काठाला बांधूनच ठेवल्यासारखी वाटायची. कारण 'भाटियाली' या शब्दातच होतं. बंगालीत 'भाटा' म्हणजे ओहोटी, 'भाटी' म्हणजे प्रवाह जातो ती दिशा आणि 'उजान' म्हणजे त्याच्या उलट. नाव भाटीला लागली की माझीला, म्हणजे नावाड्याला, वल्हं मारत बसावं लागत नाही. हातात फक्त 'हाल', म्हणजे सुकाणू. नाव पाणीच नेतं. छातीत दम शिल्लक असतो, समोर मैलभर रुंद पात्र असतं आणि ऐकायला जवळ कुणी नसतं. अशा वेळी ठेका धरायचा कशासाठी?

ठेका लागतो तो 'सारी' गाण्यांना. नौका-बाइचमध्ये, म्हणजे नावांच्या शर्यतीत, एका लांब नावेत कितीतरी जण ओळीने बसून वल्ही मारतात. सगळी वल्ही एकदम पाण्यात पडायला हवीत, म्हणून सारी तालात बांधलेली आणि समूहाची. आपल्या कोळीगीतांचा ठेका डोक्यात घेऊन मी भाटियालीकडे गेलो, आणि नकळत सारी गात बसलो. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आधी एक सारी आणि एक भाटियाली लागोपाठ ऐकावी. महिन्याभराचा रियाज वाचेल.

आता मात्रांऐवजी श्वास मोजतो. ओळीतले शब्द जवळजवळ बोलल्यासारखे एका झपाट्यात म्हणायचे आणि शेवटचा स्वर सोडून द्यायचा, दम पुरेल तिथवर. सुरुवात बहुतेकदा वरून, तार षड्जाच्या, म्हणजे वरच्या 'सा'च्या, आसपास 'रे' या शब्दाची हाक घालून. मग उतरत उतरत खाली यायचं. थाट, म्हणजे स्वरांचा साचा, खमाजचा. ज्यांनी झिंझोटी राग केला आहे त्यांना ही उतरण लगेच ओळखीची वाटेल, पण तिथेच मोह होतो. मी उतरताना मुरक्या, म्हणजे स्वरांची झटपट वळणं, घेत होतो. त्या सगळ्या काढून टाकल्या, तेव्हा लांबवलेला स्वर एकटा उभा राहायला लागला. सध्या एका श्वासात अकरा-बारा सेकंद टिकतो. शेवटच्या दोन सेकंदांत सूर किंचित उतरतो, त्यावर काम चालू आहे.

आवाज मुद्दाम फोडणंही थांबवलं. ते माझ्याकडे भवैयातून आलं होतं. भवैया हा उत्तर बंगालमधल्या रंगपूर-कूचबिहारकडचा गानप्रकार, बैलगाडीवानांचा आणि माहुतांचा. त्यात आवाज मध्येच मोडतो, ते त्याचं सौंदर्य. लोकगायक अब्बासउद्दीन अहमद (1901-1959) मूळचे कूचबिहारचे. त्यांनी दोन्ही प्रकार गायले, त्यामुळे सलग ऐकताना माझी गल्लत झाली. भाटियालीचं घर मैमनसिंग, सिल्हेट, कोमिल्ला, मेघना नदीकाठचा आणि हाओरांचा, म्हणजे पावसाळ्यात पाण्याखाली जाणाऱ्या सखल भागांचा, प्रदेश. पावसाळ्यात तिथे गावं बेटांसारखी उरतात. सिल्हेटचे निर्मलेंदु चौधुरी या महिन्यात रोज ऐकले. हाक कशी सोडावी हे त्यांच्याकडून शिकावं.

उच्चारांबाबत मात्र आपण मराठी माणसं नशीबवान आहोत. कोलकात्याच्या प्रमाण बंगालीतला 'च' आपल्या 'चहा'सारखा. पूर्व बंगालच्या बोलींत तो दाताजवळ सरकतो, आपल्या 'चांदण्या'तल्या 'च'च्या जवळ. 'ज'चंही तसंच: तिकडचं 'जाल' आणि आपलं 'जाळं' यांची सुरुवात जवळजवळ एकच. हिंदीभाषक मित्राला हे फार कष्टाने जमलं, मला घरातच सापडलं. कठीण जातात ते स्वर. 'मन' लिहिलेलं असतं, म्हणायचं 'मोन'. आणि 'स' दिसला की बहुतेक वेळा 'श' म्हणायचा.

'मोन माझी', मनरूपी नावाडी, ही प्रतिमा कितीतरी गाण्यांत येते. देह म्हणजे नाव, मन तिचा माझी. मराठी कानाला 'माझी' ऐकून आधी 'माझी स्वतःची' असंच वाटतं, आणि मला तो अर्थही सोडवत नाही. भवसागर आणि तारू आपल्या अभंगांतही आहेत, पण इथली नदी नुसती उपमा नाही. गाणाऱ्याच्या नावेखाली ती खरोखर वाहते.

बहुतेक मराठी श्रोत्यांची या सुराशी पहिली भेट सचिनदेव बर्मन यांच्या आवाजात झालेली असते, 1963 च्या 'बंदिनी'तल्या 'ओ रे माझी'मध्ये. बर्मन कोमिल्लाचे. ती हाक त्यांनी तिथूनच आणली.

साथीचं तंतुवाद्य, दोतारा: नावात दोन तारा असल्या तरी माझ्याकडच्याला चार आहेत. सरोदसारखी पडदे नसलेली पट्टी, खाली कातडं. पावसात कातडं सैल पडून आवाज बसला. आता तांदळाच्या डब्यात नव्हे, कपाटात बल्ब लावून ठेवतो. गाताना फक्त षड्ज-पंचम छेडतो, पुढे जायची घाई नाही.

बांगलादेशातल्या होड्यांना 1980 च्या दशकापासून शेतीपंपांची डिझेल इंजिनं बसत गेली. त्या धडधडीत हाक कुठवर पोचणार? भाटी-उजानातला फरकही इंजिनाला तितकासा जाणवत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मागच्या रविवारी खाडीत ओहोटी लागल्यावर ओळखीच्या काकांनी होडीचं इंजिन बंद केलं आणि मी वीसेक मिनिटं गायलो. घरी अकरा सेकंद टिकणारा स्वर तिथे चौदा टिकला. अमावास्येला ओहोटीची ओढ जास्त असते, तेव्हा पुन्हा जायचं ठरलं आहे. काकांना सांगून ठेवलंय.