डावा हात

शनिवार, रात्री साडेदहा

आज माझा बुके उभा राहिला! मागे बरणी नाही, भिंत नाही, नुसत्या टेबलावर. चार-पाच सेकंदांत कलला, पण तेवढ्यात दुकानातल्या मामांनी बघितलं होतं. “जमतंय की,” एवढंच म्हणाले आणि परत गुलाबाचे काटे काढायला लागले.

फुलांच्या दुकानात नोकरीला लागून १२ दिवस झाले. पहिल्या भेटीत ताईंना मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की फुलांचं काम मला लहानपणापासून येतं. खोटं नव्हतं. कुडाळला आजीशेजारी बसून केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात अबोलीचे किती वळेसर, म्हणजे गजरे, केलेत! पण हाताला लागलेली तीच सवय इथे आडवी येते. वळेसरात फूल फुलाला खेटून बसलं पाहिजे. मध्ये दोरा दिसला की आजी सगळं सोडायला लावायची. बुकेतही मी तेच केलं. गुलाब, जरबेरा, कार्नेशन, सगळं गच्च आवळलं. मामांनी हातात घेऊन फिरवून पाहिलं. “हा बुके आहे का कोबीचा गड्डा?”

खरी गोम देठांत आहे. पहिला देठ डाव्या हाताच्या अंगठ्यात नि बोटात सैल धरायचा. दुसरा त्याच्यावर तिरका. तिसराही त्याच बाजूला तिरका. दोन-तीन देठ झाले की जुडी हातातल्या हातात जराशी फिरवायची. एक जरी देठ उलट्या बाजूला गेला तरी बाकीचे अडकतात, आणि जोर लावला की जरबेराची मान मोडते. (माझ्या हातून आजवर ९. ताई बोलत नाहीत, पण मोजतात.) सगळे नीट पडले तर बांधलेल्या जागेखाली देठ गोल पसरतात आणि त्यांच्यावरच बुके उभा राहतो. सगळी मदार डाव्या हातावर, आणि माझा डावा हात आजवर नुसता दोरा धरायचा! रात्री रूमवर खराट्याच्या हिरांवर सराव करते. रूममेटला वाटतं मला वेड लागलंय.

बाकीचं हळूहळू कळतंय. मामा पहाटे गुलटेकडीला मार्केट यार्डात जातात, आठला माल दुकानात. गुलाबाची गड्डी २० ची, जरबेराची १० ची. आल्या आल्या खालची पानं काढायची, नाहीतर ती पाण्यात कुजतात आणि बादलीला वास मारतो. देठ तिरके कापायचे. गुलाबाला भरपूर पाणी, जरबेराला चार बोटंच. त्याचा देठ मऊ, लवकर सडतो. बास्केटमध्ये फुलं खोचायला लागते ती फोमची वीट पाण्यावर नुसती ठेवायची, ती स्वतःहून बुडते. मी घाईने दाबली होती. वरून ओली, आत कोरडी ठणठणीत. दुसऱ्या दिवशी बास्केटमधली फुलं माना टाकून बसलेली.

आणि लिली. कळी उमलली की आतले परागाचे तुरे लगेच खुडायचे. मी विसरले आणि माझ्या पांढऱ्या ओढणीवर हळदीसारखा डाग. पाण्याने चोळायला निघाले तर ताई ओरडल्या, “हात लावू नकोस!” चिकटपट्टी दाबून दाबून त्यांनी पराग उचलले. डाग बराचसा गेला. ओढणी मात्र आता दुकानातच ठेवणार.

एक खटकतं. एवढे सुंदर हिरवे देठ, बेताने तिरके लावलेले, आणि शेवटी सगळं चकचकीत कागदात गुंडाळून वर लाल रिबीन. गिऱ्हाईकाला तेच हवं असतं. असू दे.

संध्याकाळी मोडक्या जरबेऱ्या घरी आणल्या, स्टीलच्या वाटीत तरंगत ठेवल्या. आईला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन.

“बरी दिसतत. पण वास तरी येता काय गो त्यांका?”

“तुझ्या अबोलीक खंय येता?” मी म्हटलं. जरा वेळ गप्प बसली, मग जेवलीस का म्हणून विचारलं.