दोन दारांची गाडी आणि प्लायवूडचे दोन तुकडे

आईचा पहिला प्रश्न, "दोनच दारं? एवढ्या पैशांत?" मी म्हणलं अगं ही कूपे आहे, हिला दोनच असतात. त्यावर तिने वाकून मागच्या सीटकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे मी टॅक्सीनेच यायचं ना."

तर घेतली एकदाची. बीएमडब्ल्यू एम२ कॉम्पिटिशन, २०१९ ची, सेकंडहँड, सिल्व्हर. भारतात आली २०१८ च्या शेवटी, तेव्हा एक्स-शोरूमच ७९.९ लाख होती, आपण लोकलमध्ये उभं राहून मोबाईलवर रिव्ह्यू बघायचो आणि दादरला उतरायचो. आताची नवी एम२ तर त्याहूनही महाग, त्यामुळे तो विषयच नव्हता. मी कितीला घेतली ते लिहीत नाही, आईलाही पूर्ण आकडा सांगितलेला नाही.

हीच का, असं ऑफिसात सगळ्यांनी विचारून झालं. अरे, होंडा सिटीपेक्षा आखूड गाडी आणि तिच्यात बीएमडब्ल्यूच्याच तेव्हाच्या मोठ्या एम३-एम४ चं एस५५ नावाचं इंजिन, ३ लिटर, सहा सिलिंडर एका ओळीत, दोन टर्बो, ४१० हॉर्सपॉवर, आणि ते सगळं फक्त मागच्या चाकांना. आधीच्या साध्या एम२ मध्ये एकाच टर्बोचं एन५५ होतं, ३७० हॉर्सपॉवरचं, तेही काही वाईट नव्हतं, पण एकदा एस५५ ऐकलं की संपलं.

शोधायला आठ महिने लागले. पहिली जी बघितली ती दिसायला एकदम झकास, पॉलिश मारून चकाचक, भाव पण बरा. माझ्यासोबत आलेल्या मेकॅनिकने बॉनेट उघडायच्या आधी ड्रायव्हरचा सीटबेल्ट धरला आणि ओढत ओढत पार शेवटपर्यंत बाहेर काढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ. पाण्यात बसलेली गाडी. सीट धुतात, कार्पेट बदलतात, पण बेल्ट शेवटपर्यंत ओढून कोण धुतो. मग चहा पण न घेता निघालो. दुसरी घेतली ती एकाच मालकाची, सर्व्हिसचे सगळे कागद लावलेले, कर्ज फिटलेलं, मालकी बदलायच्या फॉर्म २९-३० वर सह्या आणि आरटीओचं बाकीचं, त्यात लिहिण्यासारखं काही नाही, फक्त थांबायचं असतं.

आता मॉडिफिकेशन. गाडी आली त्या रात्री माझी यादी तयार होती: रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवणं), एक्झॉस्ट, निळा रॅप (अख्ख्या गाडीवर चिकटवायची रंगीत फिल्म). यातलं एकही केलं नाही.

रीमॅपचं त्याच मेकॅनिकला विचारलं तर तो हसला. एस५५ ची दुखरी नस म्हणजे क्रँक हब. क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, टोकाला चेनचा जो गिअर आहे तो खिट्टीने अडकवलेला नाही, एका मोठ्या बोल्टच्या दाबावर, घर्षणावर धरून ठेवलेला आहे. टॉर्क वाढवून झटके दिले की तो किंचित सरकू शकतो, आणि सरकला की व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याचं टायमिंग चुकलं, आणि टायमिंग चुकलं की पुढचं बिल बघून माणूस सरकतो. कंपनीने दिलंय त्यात सुखी राहा म्हणाला. राहिलो.

एक्झॉस्टचं म्हणाल तर २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनला सोडून गाडी बदलता येत नाही, आणि मुंबईत जप्त केलेल्या बाइकच्या सायलेन्सरवर पोलिसांनी रोडरोलर फिरवलेला आपण सगळ्यांनी बघितलाय. निळ्या रॅपचंही तसंच, आरसीवर रंग सिल्व्हर आहे, बदलायचा तर आरटीओत नोंद करा. म्हणून मग पारदर्शक पीपीएफ लावला, म्हणजे रंगावर ओरखडे पडू नयेत म्हणून चिकटवतात ती फिल्म. तो लावताना दुकानातल्या पोराने फिल्म गाडीवरच ब्लेडने कापली आणि बॉनेटच्या कडेला केसाएवढी रेघ ओढून ठेवली. मालक म्हणे आधीपासूनच असेल. माझ्याकडे आदल्या दिवशीचे फोटो होते, दाखवले, तर म्हणे उजेडाचा फरक आहे. ती रेघ आता कायमची फिल्मखाली एकदम सुरक्षित आहे, जाम चीड येते रोज.

खरं मॉडिफिकेशन वेगळंच झालं. आमच्या बिल्डिंगमध्ये मेकॅनिकल पार्किंग आहे, लोखंडी पॅलेटवर गाडी चढवायची. पॅलेटची कड चार बोटं उंच, आणि गाडीचं पुढचं तोंड फारच खाली. पहिल्या संध्याकाळी खर्रर्र असा आवाज आला तो पोटातच गेला. तिरकं घेतलं, पुन्हा खर्रर्र. मागे इनोव्हावाल्याचा हॉर्न सुरू. शेवटी वॉचमन काका आले, मालवणचे आहेत, शांतपणे खाली बसून बघितलं आणि म्हणाले, "आमच्याकडे होडी वाळूवर ओढतात ना, तेव्हा खाली फळी टाकतात. तसं करूया की."

दुसऱ्या दिवशी सुताराकडून मरीन प्लायचे दोन तुकडे करून घेतले. तीन थर चिकटवून, पुढची कड तासून उतार काढला, खाली सायकलची जुनी ट्यूब मारली म्हणजे सरकू नये आणि उचलायला नायलॉनची दोरी. साडेसातशे रुपये आणि दोन चहा. पीपीएफच्या बिलात असे किती तुकडे आले असते ते मी मोजत नाही.

दुसरं मॉडिफिकेशन फुकटातलं. स्टिअरिंगवर एम१ आणि एम२ अशी दोन बटणं आहेत, त्यात आपापलं सेटिंग साठवता येतं. एम१ म्हणजे माझ्यासाठी सेनापती बापट मार्ग, इंजिन एफिशिएंट, गिअर सगळ्यात हळू. एम२ म्हणजे रविवारची पहाट, इंजिन स्पोर्ट प्लस, पण स्टिअरिंग कम्फर्टच, कारण स्पोर्टमध्ये ते नुसतंच जड होतं, काही सांगत नाही. सस्पेन्शन मात्र बदलता येत नाही, या गाडीत ते एकच आणि कडकच, पेव्हर ब्लॉकवरून गेलं की प्रत्येक ब्लॉक मोजून घ्या.

रविवारी साडेपाचला काका प्लाय लावतात, मी उतरतो, वरळीहून कोस्टल रोड. सरळ रस्त्यावर ८० ची मर्यादा, बोगद्यात ६०, कॅमेरे आहेतच. साठवर तिसऱ्या गिअरमध्ये काच खाली केली की दोन किलोमीटर बोगदाभर ते सहा सिलिंडर जे वाजतात, त्यापुढे कुठल्या एक्झॉस्टची गरज नाही. आईला एकदा नेलं, पुढच्या सीटवर. मरीन ड्राइव्हला बाहेर आल्यावर म्हणाली, "आवाज चांगला आहे, पण कंबर गेली."

गणपतीत एक घोळ झाला. मंडपवाल्यांना स्टेजचा एक पाय बुटका पडत होता, त्यांना कोपऱ्यात प्लायचे दोन छान तासलेले तुकडे दिसले. मला कळेपर्यंत वर मूर्ती बसली होती. आता बाप्पाखालून फळी काढा असं कोण सांगणार. अकरा दिवस गाडी पॅलेटवर, मी लोकलने. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी काकांनी दोन्ही तुकडे आणून दिले, एकावर गुलाल. तो आईने पुसू दिलेला नाही.