तुम्ही विचारलंत म्हणून: अपील केले की संरक्षण आदेश थांबतो का?

गेल्या महिन्यात एक बाई प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली, नवऱ्याला हिंसा करण्यास मनाई करणाऱ्या संरक्षण आदेशाची प्रत घेऊन माझ्याकडे आल्या. नवऱ्याने केलेल्या अपिलाची नोटीस हातात पडल्यापासून त्यांना झोप नव्हती, कारण आता हा कागद रद्द झाला असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. हाच प्रश्न मला नवरेही विचारतात, सासू-सासरेही विचारतात. नाही, नुसते अपील दाखल केल्याने आदेश थांबत नाही. त्यासाठी स्थगितीचा वेगळा अर्ज द्यावा लागतो, आणि सत्र न्यायालयाने स्थगिती दिलेली नसेल तोवर आदेशातील प्रत्येक ओळ पाळावीच लागते.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्यात कलम १८ खाली न्यायदंडाधिकारी हा आदेश देतात आणि कलम २९ नुसार त्याविरुद्ध ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येते. ही मुदत आदेश बजावला गेल्यापासून मोजतात. अपिलाचा हक्क दोन्ही बाजूंना आहे. संरक्षण नाकारले गेले, तर ती स्त्रीही अपील करू शकते.

मूळ अर्जात मागितलेली दाद दिवाणी स्वरूपाची असली, तरी आदेश मोडणे हा गुन्हा आहे, आणि नेमके हेच लोकांच्या लक्षात येत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या एका पक्षकाराने अपील दाखल झाले त्याच संध्याकाळी बायकोला मेसेज पाठवला: ‘झालं ते विसर, मुलांना घेऊन घरी ये.’ त्यात शिवी नव्हती, धमकी नव्हती, आणि त्याच्या मनात खरोखरच समेट होता. पण आदेशात फोनवरूनही संपर्क साधण्यास मनाई होती. पुढच्या तारखेला त्या मेसेजची छापील प्रत, खाली तारीख आणि वेळेसह, न्यायालयासमोर आली. कलम ३१ खाली अशा भंगासाठी एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र (जामीन हक्क म्हणून मिळत नाही) आहे, आणि केवळ त्या स्त्रीच्या साक्षीवरूनही न्यायालय तो घडल्याच्या निष्कर्षाला येऊ शकते.

अंतिम निकाल लागेपर्यंत दिलेल्या अंतरिम आदेशाबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने २००८ मध्ये अभिजित औटी प्रकरणात सांगितले आहे की त्याविरुद्धही अपील करता येते, परंतु न्यायदंडाधिकाऱ्यांनी आपला विवेकाधिकार मनमानीने, विपर्यस्तपणे किंवा प्रस्थापित तत्त्वे डावलून वापरला असेल, तरच साधारणतः त्यात हस्तक्षेप करावा. म्हणून ‘माझी बाजू ऐकलीच नाही’ एवढे म्हणून भागत नाही. नोटीस मिळाली होती का, म्हणणे दाखल केले होते का, हे रोजनाम्यातून, म्हणजे न्यायालयाच्या कामकाजाच्या तारीखवार नोंदीतून, दिसते. नोटीस घरात पडू द्यायची, तारखांना गैरहजर राहायचे आणि सगळे मुद्दे पहिल्यांदा अपिलात मांडायचे, ही चूक मी फार वेळा पाहिली आहे, आणि ती अपिलात सहसा दुरुस्त होत नाही. आदेशानंतर परिस्थितीच बदलली असेल, तर कलम २५ खाली त्याच न्यायालयाकडे आदेश बदलण्याचा किंवा रद्द करण्याचा अर्ज करता येतो. माझ्या मते अशा वेळी तोच रस्ता अधिक सरळ आहे.

त्या बाईंना मी अपिलातील तारखेला हजर राहायला आणि स्थगितीच्या अर्जावर लेखी म्हणणे द्यायला सांगितले. कलम २४ नुसार आदेशाची प्रत पक्षकारांना आणि हद्दीतील पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांना विनाशुल्क द्यायची असते. ती ठाण्यात पोहोचली आहे का, याची चौकशी करायला त्या माझ्याकडून निघून थेट तिकडेच गेल्या.